परवानगीची चौकट

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. दादीने माझा हात धरून तसं सांगितलं होतं. अब्बांना तर मुळीच नाही. म्हणून लिहितेय, लिहिलेलं निदान ऐकू तरी जात नाही.

आमचं घर मेडशीत, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. दादा, म्हणजे माझे आजोबा, एसटीत होते. त्यांच्या मागे दादीला पेन्शन मिळते आणि दर वर्षी ती हयात असल्याचं दाखवावं लागतं. आता ते मोबाइलवर चेहरा दाखवून होतं. अब्बा आठवडी बाजारात बांगड्या विकतात, त्यांच्याकडे बटनांचा फोन. घरात चेहरा दाखवता येईल असा फोन एकच, दादीचा. तो आधी जुनैदचाचूचा होता. चाचू मागच्या पावसाळ्यात तापाने गेला.

यंदा त्या फोनवर अ‍ॅप उघडलं की एक सूचना यायची. या फोनवर रूट अ‍ॅक्सेस सुरू आहे, म्हणून अ‍ॅप बंद करत आहोत. अब्बा म्हणाले, तो विकून दुसरा घेऊ. दादीने फोन ओढणीखाली घेतला. चाचूच्या अंगठ्याने त्या कव्हरचा एक कोपरा झिजून गुळगुळीत झालाय. दादी तस्बीहचे मणी ओढताना दुसऱ्या हाताचा अंगठा तिथे ठेवते. मी ते पाहिलेलं होतं. अब्बांनी पाहिलेलं नव्हतं. शेवटी असं ठरलं, की आधी पवनदादाला दाखवायचं. त्याने सांगितलं रूट सुरू आहे, तर फोन विकायचा.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी गेले. पवनदादाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान स्टँडसमोर आहे. चाचू तिथेच त्याच्याबरोबर बसायचा. दुकानात अजूनही सोल्डरिंगच्या तापलेल्या राळेचा वास असतो, चाचूच्या शर्टाला यायचा तोच. मला दुकानात बोलायला लाज वाटते. मी फोन काचेवर ठेवला आणि काय झालं ते हळू आवाजात सांगितलं.

त्याने मला रूट म्हणजे काय ते समजावलं. कंपनी आपल्याला राहायला घर देते, पण काही खोल्यांना कुलूप लावून चावी स्वतःकडे ठेवते. रूट केलं की ती चावी आपल्या हाती येते. मग एखाद्या अ‍ॅपला त्या खोल्यांत जायचं असलं, तर फोन आधी चौकट दाखवून विचारतो, याला आत सोडू का? हो किंवा नाही. थोडा वेळ थांबतो. उत्तर नाही दिलं तर नाहीच समजतो.

मग त्याने तपासायचं अ‍ॅप टाकलं. गोल फिरत राहिलं आणि लाल अक्षरं आली. रूट नाही. त्याने काळ्या पडद्यावर दोन अक्षरं टाइप करून पुन्हा विचारलं. असं काही सापडत नाही, एवढंच उत्तर आलं.

"यात काहीच नाही," पवनदादा म्हणाला. "जुनैदनं केलतं रूट. पन तो गेल्यावर तुह्या अब्बानं फोन आनून देल्ला, तवा मीच सगळा साफ केला. कोरा करून तुह्या दादीले देल्ला."

मी फोन उचलला. पण निघता येईना. तशी चौकट मी पाहिली होती. दादीच्या हातात, रोज, सूर्यास्ताला मगरिबची नमाज होते त्याच्या जरा आधी. दादीला वाचता येत नाही. अब्बांनी तिला शिकवून ठेवलंय की फोनने काहीही विचारलं तर फसवणूक समजायची आणि डावीकडचं बटन दाबायचं. ती दाबते. मला वाटायचं जाहिरात असेल. हे सगळं मी पवनदादाला सांगितलं. माझ्या आयुष्यात मी दुकानात एवढं कधी बोलले नव्हते.

त्याने हातातला चिमटा काचेवर ठेवला.

"अशी चौकट या फोनात येऊच शकत नाही, यूसरा..." तो म्हणाला. "इचारनारंच काही नाही याच्यात."

घरी येईपर्यंत उन्हं कलली होती. फोन विकायचा नाही म्हटल्यावर दादीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि फोन मांडीवर घेऊन पलंगावर बसली. मी तिच्या पायाशी बसले. गल्लीतून सोयाबीनच्या भुसाचा वास येत होता. लाइट गेली होती.

चौकट आली. दादीचा अंगठा सवयीने डावीकडे गेला आणि ती नाहीशी झाली.

"दादी, हे रोज किती वेळा येतं?"

"तीनदा. मंग नाही येत, दुसऱ्या दिवसापावतर."

हे बोलून तिने दाराकडे पाहिलं. आमच्या घरात कुणाच्याही खोलीत शिरायच्या आधी बाहेरून सलाम करून विचारायचं, असा रिवाज आहे. तीनदा विचारायचं. उत्तर आलं नाही तर राग न धरता परत फिरायचं. मी कधी कधी विसरते. चाचू कधीच विसरायचा नाही. दार सताड उघडं असलं, हातात दादीच्या गोळ्या असल्या, तरी उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणायचा, अम्मी, येऊ का? दादी चेष्टा करायची, आपल्याच माईले काय इचारतं रे. कधी मुद्दाम गप्प बसायची, ओढणीत तोंड लपवून हसत. तो तीनदा विचारायचा आणि खरंच निघून जायचा. मग तीच त्याला अंगणातून हाका मारत आणायची.

दुसऱ्यांदा चौकट आली. या वेळी दादीने बटन दाबलं नाही. अंगठा हवेत राहिला. वेळ संपली, चौकट गेली.

"काय लिवलं असते त्यात?" तिने विचारलं.

मी वाचलेलं सांगितलं. कोण विचारतंय त्याचं नाव नाही. नावाची जागा रिकामी आहे. खाली फक्त, परवानगी हवी आहे.

"नाव कायले सांगन तो..." दादी म्हणाली. "घरचाच हाय."

मग तिने ओढणी सारखी केली. पलंगावरची घडी केलेली चादर उचलून बाजूला ठेवली, कुणी बसायला आलं की ठेवते तशी. मला उठून पळावंसं वाटत होतं, आणि तिचा गुडघाही सोडवत नव्हता. तिसऱ्यांदा पडदा उजळला. उरलेल्या सेकंदांचे आकडे उतरू लागले.

"ये, बाबा," दादी म्हणाली आणि उजवीकडचं बटन दाबलं.

काहीच झालं नाही. पडदा नेहमीसारखा झाला. बाहेर मात्र कुणीतरी चप्पल काढून भिंतीला नीट लावल्याचा आवाज आला... आणि हळूहळू खोलीत तापलेल्या राळेचा वास भरला. दादी रडली नाही. तिने फक्त विचारलं, जेवला का. मला नव्हतं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेन्शनचं अ‍ॅप मुकाट उघडलं. दादीला चुन्याच्या भिंतीसमोर स्टुलावर बसवलं आणि मी फोन धरला. अब्बा माझ्या मागे उभे होते, दादीच्या शेजारी कुणी नव्हतं. पडद्यावर सूचना आली की चौकटीत एकाच व्यक्तीचा चेहरा असावा. मी फोन पुसला, पुन्हा धरला. पुन्हा तेच. अब्बा म्हणाले, कॅमेरा खराब झाला असेल. दादीने डावीकडे मान वळवली आणि अगदी हळू, हसत म्हणाली, जरा सरक.

लगेच हिरवी खूण आली. हयात असल्याची नोंद झाली.

तो फोटो फोनात आहे. आत्ता माझ्यासमोर आहे. दादीच्या डाव्या खांद्यावरची ओढणी एका जागी दबलेली दिसते. अब्बांना ती सुरकुती वाटली. मी बोटांनी फोटो मोठा केला, तर त्या दबलेल्या जागेच्या खाली, भिंतीवर सावली पडली आहे, आणि त्या सावलीचा हात दादीकडे नाही, तो फोन धरणाऱ्याकडे, म्हणजे माझ्याच

दादी आतून हाक मारतेय. आले, दादी, एवढं