हात लागल्याशिवाय उठायचं नाही

यातलं एक अक्षरही मनाचं नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावं.

तारीख अकरा जानेवारी १९७९, गुरुवार. संक्रांत तीन दिवसांवर आली होती.

वेळ रात्रीची नव्हती आणि अमावस्याही नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते आणि जागा होती नागपूरची सिटी बस.

माझं नाव सिंधू. मनोरुग्णांच्या दवाखान्यात महिला वॉर्डात सेविका आहे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण अजून तिथेच नोकरीला आहे. स्वभाव तिखट. वॉर्डातल्या बायकाच काय, मुकादमही मला बिचकून असतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

आधी दोन वर्षं मागे जावं लागेल.

आमच्याकडे बऱ्या झालेल्या बायकासुद्धा वर्षानुवर्षं पडून राहतात. न्यायला कोणी येत नाही. ७७ साली पुण्याकडून एक डॉक्टरीणबाई बदलून आल्या. त्या म्हणाल्या, "न्यायला कोणी येत नाही ना? मग यांना आपलं आपण जायला शिकवू. सुरुवात सिटी बसपासून."

आणि हे लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

दहा-दहा वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला बस शिकवणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. वॉर्डात सगळं सांगितल्यावर होतं. ऊठ म्हटलं की उठायचं, जेव म्हटलं की जेवायचं. बसमध्ये मात्र या बायका भलत्याच स्टॉपवर उठायच्या आणि दाराकडे पळायच्या. एक तर पडता पडता वाचली. म्हणून मी माझ्या डोक्यानं एक नियम काढला.

"मी खांद्यावर हात ठेवला की उठायचं. हात लागल्याशिवाय उठायचं नाही."

नियम छान चालला. मला त्याची घमेंडही होती.

त्या मे महिन्यात मी भीमाबाईला घेऊन निघाले. पन्नाशीची बाई, नऊ वर्षं वॉर्डात, गरीब गाय. उन्हाळ्यात बाहेर निघताना लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून आमच्याकडे जवळ कांदा ठेवतात. तिच्या पदराला कांदा मी स्वतः बांधला.

इतवारीची बाजारपेठ आली. माझ्या बहिणीचं लग्न तोंडावर होतं आणि मला ब्लाउजचं कापड घ्यायचं होतं. मनात म्हटलं, बस पुढे नाक्यापर्यंत जाते आणि अर्ध्या तासात इथेच परत येते. हिला गर्दीत कुठे फिरवू? बसू दे बसमध्येच.

मी एकटी उतरले.

दुकानात वेळ झाला. स्टॉपवर आले तेव्हा ती बस निघून गेली होती. अर्धा तास उन्हात उभी राहिले. मग घाबरले आणि वॉर्डात जाऊन सांगितलं, "भीमाबाई माझी नजर चुकवून पळाली."

संध्याकाळी बस झाडायला आलेल्या माणसाला ती सापडली.

खिडकीशी, ताठ बसलेली. अंगावर दुपारभर ऊन घेऊन तिनं चार फेऱ्या केल्या होत्या. लू लागून ती बसल्या जागी गेली होती, आणि पदराचा कांदा तसाच होता.

चौकशीत कंडक्टर म्हणाला, "मी म्हटलं ना तिले, उतर वं बाई. तर म्हणे, हात नाही लागला अजून. मले काय समजणार? वाटलं दवाखान्याची आहे, कोणी न्याले येईन."

सगळे माझ्याकडे बघत होते. कसला हात, ते मी सांगितलं नाही.

रजिस्टरात लिहिलं गेलं, 'रुग्ण सेविकेची नजर चुकवून पळाली.' त्याखाली माझी सही आहे.

बसचं शिक्षण दीड वर्ष बंद पडलं. मग डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा मलाच दिलं. हाताचा नियम मी तोंडातूनही काढला नाही. नव्या बायकांना खुणा शिकवल्या. हे चर्च, ही पाण्याची टाकी, हा भांड्यांचा बाजार. तो शिकलेल्या बायका केव्हाच घरी गेल्या होत्या, वॉर्डात आता तो कुणालाच ठाऊक नव्हता.

आता गोपिका. वय तीस-बत्तीस, नरखेडकडच्या एका खेड्यातली. बाळंतपणानंतर डोक्यावर परिणाम झाला, सहा वर्षं आमच्याकडे होती आणि आता पुरती बरी झाली होती. तिची मुलगी मामाकडे, रुपरावकडे वाढत होती. रुपरावचं पोस्टकार्ड आलं, 'संत्र्याची तोड चालू आहे. न्यायला सवड नाही. एकटी येता येत असेल तर पाठवा.'

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिंधूताई, हिनं एकदा एकटीनं बस करून दाखवली की शनिवारच्या मीटिंगमध्ये मी सही करते. नाहीतर प्रकरण सहा महिने पुढे गेलं समजा."

शेवटच्या परीक्षेची पद्धत ठरलेली होती. मी साध्या लुगड्यात, ओळख न देता, तिच्या बरोबर मागच्या सीटवर बसायचं. तिनं स्वतः तिकीट काढायचं, इतवारीला उतरायचं, काहीतरी विकत घेऊन परत यायचं. काहीही झालं तरी मी बोलायचं नाही.

"मी पोरीसाठी लाल रिबीन घेईन," गोपिका आदल्या रात्रीपासून घोकत होती.

तिनं तिकीट झकास काढलं, सुटे पैसेसुद्धा मोजून घेतले. मग डाव्या बाजूच्या बाकावर बसली. पण खिडकीशी नाही. खिडकीची जागा सोडून, अलीकडे बसली.

मला वाटलं, उतरायला सोपं म्हणून बसली असेल.

सदर बाजार गेला.

आणि मला वास आला...

कांद्याचा. उन्हात तापलेल्या कच्च्या कांद्याचा.

जानेवारीत कोण कांदा बाळगतं? मी मागे-पुढे पाहिलं. कुणाजवळ भाजीची पिशवीही नव्हती.

सीताबर्डीला गर्दी चढली. एक जाडसर गृहस्थ गोपिकाच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे वळले. थबकले. "माफ करा हं," म्हणाले आणि पुढे जाऊन उभे राहिले.

जागा रिकामी होती. मी डोळ्यांनी बघत होते.

त्यानंतर त्या बाकाकडे कुणी फिरकलंच नाही. लोक लोंबकळत होते आणि ती जागा तशीच राहिली.

मग गरम वाटू लागलं. स्वेटरचे दिवस होते. पण पुढच्या बाकाच्या पाठीवरून माझ्या तोंडावर झळ येत होती... मे महिन्यातली.

इतवारी आली. गोपिका खूण बरोबर ओळखून उठली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

पण ती अर्धवट उठली आणि धपकन खाली बसली. तिचा पदर खिडकीच्या बाजूला ताणलेला होता.

घंटी वाजली. बस निघाली.

मी नियम पाळला आणि बोलले नाही. नाक्यावर बस रिकामी झाली. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. आता मात्र हिला उठवायचं म्हणून मी बाकाला हात टेकले...

आणि मला उठता येईना.

पाय होते. पायांना जमीन लागत होती. पण कंबरेखाली कुणी बाकाला शिवून टाकलं असावं तसं झालं. पुन्हा जोर केला. घाम फुटला. काही उपयोग नाही.

"गोपिका," मी हाक मारली, "ऊठ वं, उतर खाली."

ती वळली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"ताई, कशी उठू? ह्या बाई उठू नाही देऊन राहिल्या."

"कोणत्या बाई?"

"ह्याच. म्हणते, हात नाही लागला अजून..."

हे वाक्य गोपिकाला कुणी सांगितलं होतं?

कंडक्टर परत आला. मी त्याला म्हटलं, "भाऊ, जरा हात द्या ना. आम्हाले उतराचं आहे, पण उठता नाही येऊन राहिलं."

त्यानं आमच्याकडे पाहिलं. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाला, "बसू दे गा त्यायले. दवाखान्याच्या आहेत दोघी. अडीचच्या फेरीत तिथूनच चढल्या."

"अहो, मी पेशंट नाही! मी तिथं नोकरीले आहो!"

"हो हो बाई," तो समजुतीनं हसला, "सारे असंच म्हणते. बसा निवांत. कोणी येईन न्याले."

ओळखपत्र वॉर्डात ठेवलं होतं. परीक्षेचा तोच नियम होता ना, कुणाला ओळख पटू द्यायची नाही. मी ओरडले, चिडले. जितकी चिडले तितके लोक लांब सरकले. एका म्हातारीनं तर नातवाला पदराआड घेतलं. वॉर्डात ज्या बायका "मी बरी आहो, मले सोडा" म्हणून ओरडतात, त्यांना मी रोज हेच म्हणते... बस निवांत, कोणी येईल न्यायला.

पहिली फेरी संपली. दुसरी सुरू झाली. आमचा स्वतःचा स्टॉप आला आणि गेला. दवाखान्याचं फाटक मी खिडकीतून पाहिलं. उतरता आलं नाही.

तिसऱ्या फेरीत बस पुन्हा नाक्याकडे निघाली तेव्हा पाच वाजून गेले होते. गोपिका हुंदके देत होती. "ताई, मले घरी जाऊ द्या. माही पोरगी वाट पाहून राहिली. मी काय केलं वं ह्या बाईचं?"

तिनं काहीच केलं नव्हतं. केलं होतं ते मी, आणि त्या क्षणी मला स्वतःची इतकी शरम वाटली की भीतीसुद्धा मागे पडली. सहा वर्षांनी लेकराकडे निघालेली बाई माझ्या पापापायी या बाकावर अडकली होती.

मी सगळ्या बससमोर मोठ्यानं बोलले. लोक म्हणाले असतील, फिरलं हिचं डोकं. म्हणू देत.

"भीमाबाई, तू पळाली नव्हती. मी तुले सोडून उतरली. कापड घ्याले उतरली. तुह्यं काही चुकलं नाही वं. मी रजिस्टरात खरं लिहीन, डॉक्टरीणबाईच्या समोर लिहीन. ह्या पोरीले जाऊ दे."

काहीच झालं नाही. बस खडखडत होती.

मग मी हात पुढे केला. समोरच्या बाकाच्या पाठीवरून, खिडकीच्या रिकाम्या जागेवर, खांदा असतो तितक्या उंचीवर...

आणि हात टेकला.

लुगड्याचं सुती कापड लागलं. खाली हाड लागलं. उन्हातल्या पत्र्यासारखं तापलेलं.

"ऊठ, भीमाबाई," मी म्हटलं. "आला आपला स्टॉप."

बाकाच्या स्प्रिंगा करकरल्या. वजन उठल्यावर करकरतात तशा. गोपिकाचा पदर सैल पडला.

घंटी वाजली. एकदाच.

कंडक्टर दोरीपासून चार हात लांब उभा होता. त्यानं वर दोरीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. दोरी हलत होती.

बस थांबली. इतवारी होती. मी आणि गोपिका उठलो आणि अक्षरशः पळत उतरलो.

तिनं रिबीन घेतली. मी सारखी मागे वळून बसकडे बघत होते आणि ती दुकानदाराशी रंगावरून वाद घालत होती, हे मी जन्मात विसरणार नाही. परत येताना आम्ही रिक्षा केली.

अहवालात मी लिहिलं, 'रुग्णानं एकटीनं प्रवास पूर्ण केला.' खोटंच, पण ते खोटं मी पुन्हाही लिहीन. शनिवारी सही झाली. मंगळवारी मी तिला एसटीत बसवून दिलं. गाडी सुटताना तिनं खिडकीतून विचारलं, "ताई, त्या बाईले घरी कोणी आहे का वं?"

"काहून?"

"नाही, तुमच्यासंगच उतरल्या ना त्या. तवापासून तुमच्याच मागं उभ्या आहेत."

गोपिका सुखी आहे. दर संक्रांतीला पत्र येतं.

आणि मी? रजिस्टरात मी खरं लिहिलं नाही.

लिहिणार होते. दोनदा डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत गेले. पण नोकरी जाईल, पेन्शन जाईल, लोक तोंडात शेण घालतील, असं मनात येऊन परत फिरले. मग बाईंची बदली झाली आणि ते राहूनच गेलं.

त्या वर्षापासून मला एक त्रास आहे. मी कुठेही बसले, की आपणहून उठता येत नाही. डॉक्टर म्हणतात पाय चांगले आहेत, मणके चांगले आहेत. मी बसून राहते... मग उजव्या खांद्यावर हात पडतो. गरम. मागे कुणी नसतं. आणि मला उठता येतं.

आधी क्षणभरच लागायचा. वॉर्डात कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. यंदा वेळ वाढत चालला आहे. गेल्या रविवारी जेवून पाटावर बसले ती दिवेलागणीपर्यंत बसून होते. सून म्हणाली, "आई, उठा ना." तिनं स्वतः हात ठेवून पाहिला. तिच्या हातानं होत नाही.

म्हणून हे लिहायला घेतलं. रजिस्टरात नाही तर नाही, निदान कागदावर तरी खरं उतरावं. तिनं तेवढ्यावर सोडावं.

दुपारी अडीचला टेबलाशी बसले होते. आता बाहेर अंधारून आलं आहे. घरात कांद्याचा वास येतो आहे.

सगळं लिहून झालं.

हात अजून लागला नाही.