शेवटची खूण

दिवा जरा इकडे सरकवा. ही दोन बोटं बघा, मधलं आणि त्याच्या शेजारचं. आता सरळ होत नाहीत. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी मी हा विषय काढत नाही.

बोटींवरची यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. जुन्या बोटवाल्यांचा जीव जुन्या डब्यातच अडकलेला असतो. बोट कुठे आहे ते दाखवणारा हिरव्या पडद्याचा डबा, त्यावर वीस वर्षं नजर बसलेली. मग आम्ही उपग्रहाचे संकेत पकडणारा नवा रिसीव्हर बसवतो आणि त्याची माहिती जुन्या पडद्यावर आणून देतो. एक तार बोलणारी, एक ऐकणारी. दोन बोलणाऱ्या तारा एकत्र आल्या की आमच्या घरासारखं होतं, कोणाचंच कोणाला कळत नाही.

त्या दुपारी वहिनींचा निरोप आला. नात्यातल्या नव्हेत, धक्क्यावर सगळेच त्यांना वहिनी म्हणत. त्यांचा नवरा आणि धाकटा दीर मिळून एक बोट चालवायचे. वीसेक वर्षांपूर्वी दीर एकटाच परत आला. समुद्रात साठ मैल आत लाट आली आणि दादा गेला, म्हणाला. देह सापडला नाही.

मी पोचलो तेव्हा बोट धक्क्याला बांधलेली होती. दीर डिझेलच्या कामाला गेला होता. केबिनमध्ये जुना डबा मेल्यासारखा पडून होता. वहिनींनी त्याच्यावरच्या लाल कळीवर बोट ठेवलं. माणूस पाण्यात पडला की ही कळ दाबायची. डबा त्या जागेची खूण लक्षात ठेवतो आणि तिथपर्यंतचं अंतर दाखवत राहतो, परत जाऊन शोधता यावं म्हणून.

"भाऊजी म्हणतात, दाबायला वेळच मिळाला नाही. मग ही आत का रुतलीय, मिस्त्री?"

"बोट आत्ता कुठे आहे हे कळल्याशिवाय डबा अंतर सांगणार नाही, वहिनी."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मला ती जागा एकदा बघायचीय. इतकी वर्षं मी सगळ्याच पाण्याकडे बघतेय."

"खुणा जास्त असतील तर शेवटी दाबलेल्या खुणेचंच अंतर दिसेल," मी सांगून ठेवलं. आमच्या धंद्यात आधी सांगितलेलं बरं असतं.

रुतलेली कळ मी चिमट्याने वर काढली. नव्या रिसीव्हरची बोलणारी तार जुन्या डब्याच्या ऐकणाऱ्या तारेला जोडली. पडदा हिरवा झाला. आधी तारीख आली, जवळजवळ वीस वर्षांपूर्वीची. मला हसू आलं. "घाबरू नका. या जुन्या डब्यांना हजार चोवीसच आठवडे मोजता येतात. तेवढे संपले की पुन्हा मागे जातात."

वहिनी हसल्या नाहीत. "हे गेले तो दिवस आहे हा."

मग अंतर आलं. साठ मैल नव्हे, शून्य दशांश शून्य चार सागरी मैल. म्हणजे पाऊणशे मीटर. केबिनच्या काचेतून धक्क्याचं टोक दिसत होतं, तेवढंच.

वहिनी काचेपाशी गेल्या. "म्हणजे इथेच... मी घरी यांच्यासाठी पाणी तापवत होते, आणि हे इथेच..."

पाणी निवांत होतं, बोट बांधलेली होती. तरी आकडा उतरला. शून्य तीन. कुजलेल्या दोराचा ओला वास केबिनमध्ये शिरला. शून्य दोन.

"कमी का होतंय?"

"थोडंफार हलतं ते..." मी म्हणालो. एवढं हलत नाही, हे मला माहीत होतं.

दीर दारात कधी आला ते कळलं नाही. त्याने पडदा पाहिला आणि त्याच्या तोंडावरून मला सगळं समजलं. पायात गमबूट, हातात जाळं ओढायच्या विंचचा लोखंडी दांडा होता. घाव डब्यावर येत होता, मी वेड्यासारखा हात मध्ये घातला. हाडं मोडल्याचा आवाज माझा मीच ऐकला. त्याने तारा उपटल्या, मला लाथेने कोपऱ्यात लोटलं आणि वहिनींचे केस धरले.

"एका बोटीवर दोन कप्तान नसतात, वहिनी," तो अगदी हळू म्हणाला. "दादालाही हेच सांगितलं होतं. दांडाही हाच होता."

दांडा वर गेला आणि वरच राहिला. केस सोडून तो दोन्ही हातांनी खेचू लागला, तरी खाली येईना. त्याच्या मागे कोणी नव्हतं. फळ्यांवर फक्त ओली पावलं होती, अनवाणी. मग दांडा त्याच्या हातातून सुटला आणि त्याच्याच तोंडावर बसला. पुन्हा बसला. दात फळीवर पडले. "दादा... नको... दादा," म्हणत तो मागे मागे सरकला आणि बोट नि धक्का यांच्यामधल्या फटीत पडला. वारा नव्हता, लाट नव्हती. बोट हळूच धक्क्याला टेकली आणि तशीच दाबून राहिली. ओरडणं मध्येच थांबलं.

केबिनमध्ये डबा एकदा वाजला. एकही तार नव्हती, तरी लाल कळ पुन्हा आत गेली होती. आम्ही दोघं तिच्यापासून चार हात लांब होतो.

अपघात म्हणून नोंद झाली. डबा वहिनींनी घरी नेला आणि कपाटावर ठेवला. चार महिन्यांनी, एका संध्याकाळी, त्यांचा फोन आला. एवढा आनंदी आवाज मी त्यांचा कधीच ऐकला नव्हता.

"मिस्त्री, पडदा आपोआप लागला. सकाळी दोन मैल होतं, आता शून्य एक झालंय. हे घरी येतायत. मी कडी काढून ठेवलीय."

मी ओरडलो. "वहिनी, कडी लावा... तो डबा शेवटचीच खूण..."

"थांबा हं. पाऊल वाजलं," त्या म्हणाल्या. फोन बंद झाला.

मी पोचलो तेव्हा दार उघडं होतं. आतपर्यंत बुटांची ओली पावलं गेली होती, आणि त्यांच्या मागून, उशिरा, अनवाणी पावलं. खुर्ची मोडलेली, भिंतीवर रक्ताचा हात ओढत गेलेला. वहिनी आजवर सापडल्या नाहीत. डब्याची लाल कळ आत रुतलेली होती.

डबा मी घरी आणला. तो बघा, तुमच्या मागे फळीवर. तासाभरापूर्वी पडदा लागलाय, मला बघवत नाही. शेवटची खूण आता वहिनींची आहे. दिवा तिकडे न्या आणि आकडा तेवढा वाचून सांगा... कडी काढायची की लावायची, ते मला ठरवायचंय.