सतरा साते

२०५१ साली सांगोल्याजवळच्या पांढरमाळावरची विमानपट्टी बारा वर्षांची झाली होती. डाळिंबाच्या बागांमधून आखलेली ती एकच काळी रेघ. तिथून स्वतःचं विमान उडवणारे बेचाळीस जण होते. फळांचे व्यापारी, दोन दंतवैद्य, एक निवृत्त मुख्याध्यापिका, आणि बाबर नवरा-बायको, दोघंही जनावरांचे डॉक्टर. विमानं दोन आसनांची, दोन विजेच्या मोटरींची. फेब्रुवारीत सुजय बाबर गेले आणि एकेचाळीस उरले.

उजव्या पंखावरची मोटर तापून बंद पडली तेव्हा सुजय चारशे फुटांवर होते. अशा वेळी तीन गोष्टी करायच्या असतात. विमानाचं नाक खाली, तापलेल्या मोटरीची वीज बंद, आणि उलट बाजूच्या पायाने जोर. हाताशी सहा-सात सेकंद असतात. विमानातल्या साक्षीपेटीत वैमानिकाच्या हातमोज्यांवरचा दाबही नोंदला जातो. त्या नोंदीप्रमाणे धोक्याची घंटा वाजल्यावर सुजयचा हात आधी कमरेच्या पट्ट्याकडे गेला होता आणि मग दाराच्या कडीकडे. चौकशी समितीने लिहिलं, 'वैमानिक घाबरला व पट्टा सोडून बाहेर पडण्याचा त्याने प्रयत्न केला.' खाली मुख्य प्रशिक्षक म्हणून कॅप्टन प्रमोद सोनटक्के यांची सही होती.

सुजयच्या आईने तो कागद देवघरात उलटा घालून ठेवला. ऋतुजाने, म्हणजे सुजयच्या बायकोने, समितीला अर्ज केला. तिची मागणी 'घाबरला' या एका शब्दापुरती होती. अडलेल्या गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून दोन-दोन तास उभा राहणारा माणूस घाबरून दार उघडायला जाईल हे तिला पटत नव्हतं. तरीही तो घाबरला असेल तर तसं दाखवून द्या, मीच सासूबाईंना सांगेन, असं तिने लिहिलं होतं.

समितीने पुण्याहून डॉ. निवेदिता टिपरे यांना पाठवलं. शिकलेलं कौशल्य कसं टिकतं आणि कसं गंजतं हा त्यांचा विषय. त्यांनी बनवलेला खोळंबामापक घंटा वाजल्यापासून पहिली योग्य हालचाल होईपर्यंतचा वेळ मोजत असे. त्या वेळेला त्यांनी नावच दिलं होतं, खोळंबा.

पांढरमाळावर दर सहा महिन्यांनी प्रत्येक वैमानिकाची उजळणी होई. ती भासयानात व्हायची. भासयान म्हणजे जमिनीला खिळलेली एक खोली, पण आत बसलं की आकाश, वारा, हेलकावे सगळं खरं वाटे. शेजारी सोनटक्के उभे. वायुदलातून आलेला सहासष्ट वर्षांचा उंच माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि तोंडात कायम एकच वाक्य, "घाई नको. पहिल्यापासून." मग वैमानिक पट्ट्याला हात लावी, दाराच्या कडीला हात लावी, बॅटरीच्या काट्यावर बोटाने टिचकी मारी, आणि असं करत करत उड्डाण होई. मग घंटा वाजे आणि तीन गोष्टी झटकन केल्या जात. कुणी कुठे चुकलं तर पुन्हा पट्ट्यापासून. उजळणीत सुजयचा खोळंबा एक पूर्णांक चार सेकंद होता. बेचाळिसांत सर्वांत कमी. ऋतुजा मात्र क्रम चुकतो म्हणून दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली असती तर तिचा परवानाच गेला असता.

टिपरे बाई चार दिवस साक्षीपेटीचा आलेख घेऊन बसल्या. पाचव्या दिवशी त्या सोनटक्क्यांच्या खोलीत गेल्या. चहा आला. कप हातात घेता घेता त्यांनी सहज विचारलं, "कॅप्टन, सतरा साते?"

सोनटक्के क्षणभर थांबले. "एकशेएकोणीस."

"तुमचे ओठ हलले."

"हलले असतील."

"सतरा एके सतरा पासून आलात ना?"

सोनटक्के हसले. आमच्या गुरुजींनी पाढे असेच घेतले, म्हणाले. मधूनच विचारलं की गाडी स्टेशनाबाहेर उभी, पुन्हा पहिल्या फलाटावरून सोडायची.

बाईंनी टेबलावर दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले. एक सुजयच्या शेवटच्या नऊ सेकंदांचा, दुसरा त्याच्याच डिसेंबरमधल्या उजळणीच्या सुरुवातीचा. पट्टा, कडी, मग काट्यावर टिचकी. दोन्हींतलं अंतर आणि ताल एकच. पट्टा सोडला नव्हता, नुसता चाचपला होता.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. एकाच क्रमाने पुन्हा पुन्हा केलेल्या कृती मेंदूत सुट्या राहत नाहीत, त्यांची स्मृतिसाखळी होते. साखळी जितकी पक्की तितकी ती मधून उचलणं अवघड. एरवी माणूस विचार करून हवी ती कडी शोधू शकतो, पण जिवावर बेतलं की विचाराला उसंत नसते. हात साखळीचं पहिलं टोक धरतो. भासयानात घंटा नेहमी साखळीच्या शेवटी वाजते, म्हणून तिथे खोळंबा दिसत नाही. खऱ्या विमानात माणूस तासभर निवांत उडत असतो, साखळी हातातून सुटलेली असते, आणि घंटा मधूनच वाजते.

"म्हणजे मी शिकवलं म्हणून तो गेला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला अजून काहीच म्हणायचं नाही. मोजायचंय."

सोनटक्क्यांनी चहा तसाच ठेवला.

मोजणी आठवडाभर चालली. आता भासयानाचं दार उघडून आत बसलं की विमान आधीच चारशे फुटांवर असे. पाच मिनिटं साध्या गप्पा, डाळिंबाला काय दर, पाहुणे कधी आले, आणि मध्येच घंटा. चाळीस जणांचा खोळंबा सहा ते अकरा सेकंदांच्या दरम्यान भरला. मुख्याध्यापिका बाहेर येऊन म्हणाल्या की मी तर चक्क दार लावलेलं आहे का ते पाहिलं, वर्गाचं पाहायची तसं. हसले सगळे, पण भासयानात चाळिसांपैकी एकतीस जण जमिनीवर आपटले होते.

शेवटी ऋतुजा बसली. तिचा खोळंबा शून्य पूर्णांक नऊ सेकंद.

टिपरे बाईंना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी तीनदा घंटा वाजवली आणि तिन्ही वेळा तोच आकडा आला. त्यांनी ऋतुजाला बाहेर बाकावर बसवलं आणि तिने उजळणीची तयारी कशी केली ते विचारलं.

ऋतुजाने सांगितलं की तयारी अशी काही केलीच नाही, म्हणून तर नापास होत होते. सुजय तिला पास करायच्या मागे लागला होता. तिला ओळीने पाठ होईना, म्हणून तो आडवंतिडवं विचारायचा. भाकरी थापताना, दूध ओतताना, एकदा तर म्हशीला इंजेक्शन देताना मागून येऊन म्हणाला, चारशे फूट, उजवी मोटर, काय? तिने उत्तर दिलं आणि म्हैस दोघांकडे बघत राहिली.

"आणि त्यांना कोण विचारायचं?" बाईंनी विचारलं.

ऋतुजाला प्रश्न आधी कळलाच नाही. "त्याला काय विचारायचं, मॅडम? त्याला सगळं पाठ होतं."

बोलून झालं आणि मग आपण काय म्हणालो ते तिच्या ध्यानात आलं. टिपरे बाईंनी ते उत्तर वहीत उतरवून घेतलं.

सोनटक्के दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते भासयानाकडे गेले, स्वतः दार उघडून बसले आणि म्हणाले की एक मोजणी राहिली आहे. बाईंनी आढेवेढे घेतले. मोजणी वैमानिकांची होती, प्रशिक्षकाची नव्हती. सोनटक्क्यांनी ऐकलं नाही.

गप्पा ऋतुजाने मारल्या. सर, मिरजेला मुलीकडे कधी जाणार वगैरे. सोनटक्के उत्तर देत होते, पण त्यांचं लक्ष घंटेकडेच होतं. घंटा वाजणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. टिपरे बाईंनी तब्बल चाळीस मिनिटं जाऊ दिली. नातीच्या दाताची गोष्ट रंगात आली होती तेव्हा त्यांनी कळ दाबली.

सोनटक्क्यांचा उजवा हात पट्ट्यावर गेला. मग कडीवर. मग काट्यावर टिचकी. चौदा सेकंद. एकेचाळीस जणांतल्या कुणाहीपेक्षा जास्त. पडद्यावर जमीन आली आणि खोली थांबली.

काट्यावरचं बोट न उचलताच ते म्हणाले, "ऋतुजा, मी घाबरलो नव्हतो गं."

"माहीत आहे, सर."

"तोही नव्हता."

हिशेब सरळ होता. तीस वर्षं ते दुसऱ्यांना विचारत आले होते. त्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

अहवालातलं वाक्य बदललं. सोनटक्क्यांनी स्वतः लिहिलं आणि समिती त्यातला 'शिकवल्याप्रमाणे' हा शब्द गाळा म्हणत असताना गाळू दिला नाही. 'वैमानिकाने शिकवल्याप्रमाणे पहिल्यापासून सुरुवात केली.' सुजयच्या आईने तो कागद दोनदा वाचला आणि देवघरात सुलटा ठेवला.

आडवी उजळणी पुढे देशभर सुरू झाली. तिच्या नियमांत टिपरे बाईंनी एक कलम घातलं, जो विचारतो त्याला दर महिन्याला दुसऱ्या कुणीतरी विचारलंच पाहिजे. मुख्याध्यापिका वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत उडत राहिल्या. टिपरे बाईंच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत तीन वर्षांनी धूर झाला. सगळे बाहेर पळाले तेव्हा त्या आत टेबलाशी उभं राहून प्रयोग सुरू करताना लिहीत तशी नोंदवहीत तारीख आणि वेळ लिहीत होत्या. त्यांच्या मदतनिसाने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. सगळ्यांना विचारणाऱ्या त्यांनाच कुणी विचारायचं राहून गेलं होतं, हे त्या नंतर स्वतःच सगळ्यांना हसून सांगत.

सोनटक्क्यांनी परवाना परत केला आणि ते मिरजेला मुलीकडे राहायला गेले. जेवायला खुर्चीवर बसले की त्यांचा हात आधी कमरेकडे जाई. ऋतुजा पांढरमाळाची मुख्य परीक्षक झाली, त्यामुळे कलमाप्रमाणे तिला विचारणारं कुणीतरी हवं होतं. तिने त्यांचं नाव लिहून दिलं.

फोन कधीही येई. एकदा ती जवळा गावातल्या एका गोठ्यात होती, कोपरापर्यंत हात शेणाने भरलेले. मालकाने फोन तिच्या कानाशी धरला. हॅलो नाही, काही नाही.

"चारशे फूट. डावी मोटर."

"नाक खाली, डावी बंद, उजवा पाय," ती म्हणाली. आणि तिने लगेच विचारलं, "सतरा साते, सर?"

"एकशेएकोणीस," पलीकडून श्वासही न घेता आलं.