फूलबदनला लागत नाही

माझं नाव फूलबदन. आधार कार्डावरही तेच आहे. नंदुरबारच्या एका खासगी दवाखान्यात मी एक्स-रे काढते, आणि रोज एखादा तरी पेशंट माझं नाव ऐकून हसतो. हसू दे. छाती फळीला टेकवा, श्वास रोखून धरा, एवढंच मी त्याला सांगते. हाड दिसतं तेवढं मी मानते.

नाव अब्बांनी ठेवलं. जाकीर नालबंद, सारंगखेड्याचे, घोड्यांना नाल ठोकणारे. संध्याकाळी ऐरणीपाशी बसून ते एक कहाणी सांगायचे. फूलबदन नावाच्या शहजादीला एक जिन पळवून नेतो आणि रोज चाबकाने मारतो. पण तिला लागत नाही. चाबूक अंगावर पडला की जमिनीवर फक्त एक फूल पडतं. मी जन्मले तेव्हा अब्बांनी माझ्या कानात अजान दिली आणि पाठोपाठ हे नाव सांगितलं. अम्मीने कपाळाला हात लावला. "ऐसे नाम कहानी में ही अच्छे," ती म्हणाली होती म्हणे.

मी एकदा अब्बांना विचारलं, "फिर वो मार जाता कहाँ?"

"सो जा," ते म्हणाले.

कहाणी शाळेत पोचायला वेळ लागला नाही. पोरांच्या हातात कोलीतच मिळालं. "फूलबदन, फूल पाडी दखाड," म्हणत ती मागे लागायची. तापीकाठचे गोटे मारायची. एक गोटा माझ्या कपाळावर बसला. ठक्क आवाज मी स्वतः ऐकला, पण लागलं नाही, कातडी लालही झाली नाही. न रडणाऱ्या पोरीला माणसं आणखी जोरात मारतात, हे मी त्या वयातच शिकले. घरी आले तर अब्बा कपाळाला हळद दाबून बसले होते. "घोडे ने गर्दन झटकी," म्हणाले. नालबंद घोड्याचा पाय गुडघ्यात धरून काम करतो. त्याच्या अंगावर जखम दिसली तर नवल कशाचं?

पुढे दत्ताच्या यात्रेतल्या घोडेबाजारात कोरीट गावच्या भिला आप्पांच्या पांढऱ्या घोड्याने मला लाथ मारली. सरळ छातीत. मी नालांच्या डब्यासकट कडब्यात जाऊन पडले आणि कपडे झटकत उठले. आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पोरले काही नही व्हयनं," ते जमलेल्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले, जणू स्वतःलाच समजावत होते. तेवढ्यात चहाच्या टपरीकडून ओरडा झाला. अब्बा बाकावरून खाली कोसळले होते आणि तोंडातून रक्त येत होतं. टपरीच्या आसपास एकही घोडा नव्हता. तरी अब्बा म्हणाले, "घोडे ने मारा." कुणी वाद घातला नाही. मीही नाही.

माझं लग्न इरफानशी झालं. मिरची वाळवायच्या पथारीवर मुकादम, हाताचा सैल. पहिल्याच महिन्यात त्याने थप्पड मारली, आणि मी नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिले. मग त्यालाही त्या पोरांसारखीच खाज सुटली. पट्टा झाला, बसायचा पाट झाला. एकदा मिरची ओढायचं फावडं त्याने डोक्यावर उगारलं, ते मी डाव्या दंडावर झेललं. मार, तुझेच खांदे दुखतील, असं मी मनात म्हणायचे. सोडून जायचं कधी सुचलं नाही, कारण लागतच नव्हतं. आमची मंतशा झाली, सहा वर्षांची झाली, आणि आई कधी रडत नाही याचा तिला अभिमान होता.

गेल्या थंडीत अम्मी अब्बांना आमच्या दवाखान्यात घेऊन आली. त्यांना श्वास घेववत नव्हता. एक्स-रे मीच काढला.

फिल्म पडद्यावर आली आणि मी खुर्ची ओढून बसले. बरगड्या मोडून जुळलेल्या होत्या, जुन्या जुळणीवर नवी जुळणी. डाव्या दंडाचं हाड अलीकडेच मोडलेलं होतं. घोड्यांचं काम सोडून अब्बांना कित्येक वर्षं झाली होती.

"किसने मारा, अब्बा?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिकडेच बघत म्हणाले, "पूरी कहानी नहीं सुनाई तुझे. आखिर में शहजादी का बाप मर जाता है." मग माझं मनगट पकडलं. त्या हातात अजून नालबंदाचा जोर होता. "अब मार मत खा, बेटा."

दुसऱ्या दिवशी ते गेले.

मातीहून परतताना मी अब्बांचा हातोडा घरी आणला. आता मला लागेल, असं मी धरून चालले होते. खरं सांगते, मला हायसं वाटत होतं. माझा मार माझ्याकडे परत येणार होता. इरफानला मी स्पष्ट बजावलं, "आता हात उचललास तर मला लागेल." तो हसला.

जुम्म्याच्या दुपारी भाजीत मीठ जास्त झालं. त्याने चुलीवरचं उलथणं उचललं आणि माझ्या गालावर हाणलं.

मी डोळे मिटले. वाट पाहिली.

लागलं नाही.

आतल्या खोलीत काहीतरी पडलं. मंतशाचा रंगांचा डबा.

ती जमिनीवर बसली होती. रडत नव्हती, आ वासून हवा शोधत होती. तिचा गाल फाटला होता आणि पोळला होता, उलथण्याच्या पात्याएवढा.

"पडी व्हई," इरफान मागून म्हणाला, जणू ती आपोआप पडली होती. त्याने चौकटीवर हात टेकला होता.

मी कोपऱ्यातला अब्बांचा हातोडा उचलला आणि त्या हातावर घातला. पुन्हा घातला. किती हाडं मोडली ते मी फिल्म न काढता सांगू शकते. तो गुरासारखा ओरडला आणि दुसरा हात त्याने माझ्यावर उगारला.

आयुष्यात पहिल्यांदा मी मार चुकवला. मंतशाला उचललं आणि पळाले.

दवाखान्यात मंतशाच्या गालाला टाके घालून आम्ही निघालो तेव्हा ऊन कलत होतं. सारंगखेड्याला, अम्मीकडे. एसटीत मी मंतशाला मांडीवर घेऊन मधल्या जागेवर बसले. खिडकीचा पत्रा नको, दाराचा दांडा नको. कुणाचा कोपरसुद्धा मला लागू द्यायचा नव्हता.

"अम्मी, शहजादी की कहानी."

मी सांगितली, फुलांपर्यंत.

"फिर वो मार जाता कहाँ?"

"सो जा," मी म्हणाले.

बस प्रकाशा गावच्या पुलावर आली. खाली तापी संथ होती. मला रडू फुटत होतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी ओठ दातांखाली घट्ट दाबून धरला. पूल संपेपर्यंत तसाच धरला.

मंतशाने माझ्या ओढणीचं टोक ओढून ओठ पुसला. ओढणी लाल झाली.