वाऱ्याचा रकाना

दर रविवारी सकाळी मी पुढच्या आठवड्याचं हवामान लिहिते. सात दिवसांच्या सात ओळी. सोमवारच्या वर्तमानपत्रात त्या छापून येतात आणि कपडे बाहेर वाळत घालायचे की नाही, हे लोक त्यावरून ठरवतात. चुकलं तर भाजीवालीसुद्धा ऐकवते. बरोबर आलं तर कुणी काही बोलत नाही. आमच्या धंद्यात तीच शाबासकी.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे. चार टेबलं, भिंतभर नकाशे आणि एकाच बाजूने तापणारा हीटर. माझ्याबरोबर जो सहकारी असतो त्याला आम्ही पारा म्हणतो, कारण तो चटकन चढतो आणि तितक्याच चटकन उतरतो.

आमच्या रोजच्या तक्त्यात सहा निरीक्षण केंद्रांच्या ओळी आहेत. खरं तर केंद्रं आता पाचच. सहावं, टेकडीवरचं, तीन वर्षांपूर्वी बंद झालं. पण तक्ता जुना आहे. सहावी ओळ रिकामी ठेवली तर संगणक पुढे सरकत नाही. म्हणून आम्ही शेजारच्या दोन केंद्रांची सरासरी काढून तिथे ठोकून देतो. हे चूक आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप आहे.

टेकडीवरचं केंद्र माझ्या आईचं. तीस वर्षं ती रोज सकाळी आठ वाजता अंगणातल्या पांढऱ्या जाळीदार पेटीतला तापमापक वाचायची, अगदी दशांशापर्यंत. मग पायरीवर उभी राहून किती लांबचं दिसतं ते बघायची. तिच्या खुणा ठरलेल्या होत्या. वीस पावलांवर फाटक, त्याच्यापुढे अक्रोडाचं झाड, मग पाण्याची टाकी आणि शेवटी समोरचा डोंगर. ती लिहायची तेही तेवढंच. डोंगर दिसतो. टाकी दिसत नाही.

वारा मात्र बाबांकडे. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा होता, त्याच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. बोट ओलं करून हवेत धरायचे आणि सांगायचे, "बोटाला लागतो." नाहीतर, "बोटाला लागत नाही." आई तेच वाऱ्याच्या रकान्यात लिहून पाठवायची. साहेबांनी दोनदा ताकीद दिली, पण पालथ्या घड्यावर पाणी. बाबा घरी नसले तर ती तो रकाना मोकळा सोडायची आणि शेऱ्यात लिहायची, "हे आल्यावर." सरकारी कागदावरही बाबा तिच्यासाठी 'हे'च होते.

आई गेली, केंद्र बंद झालं. माणसं येऊन तापमापक घेऊन गेली. रिकामी पेटी राहिली आणि बाबा राहिले.

यंदा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हा हिवाळा त्यांना वर एकटं ठेवू नका, हृदय साथ देणार नाही. बर्फ पडलं की तिथला रस्ता दोन-दोन महिने बंद असतो. मी पानगळ सुरू झाल्यापासून बाबांच्या मागे लागले होते. शेवटी फोनवर ते म्हणाले, "शनिवारी हवा मोकळी असली तर येतो. धुकं-बिकं असलं तर आता थेट वसंतात बघू."

"मी गाडी घेऊन येते."

"मी काय कपाट आहे उचलून न्यायला? फाट्यापर्यंत चालत जाईन, तिथून बस आहे. तू फक्त हवा लिही. तू लिहिलंस की निघालो."

त्या रविवारी नकाशावर हवेचा दाब चांगला होता. पाऊस नाही, वारा नाही. उशिराच्या पानगळीत असा आठवडा दोन्हीकडे झुकतो. एक तर लख्ख ऊन, नाहीतर उंचावर धुकं येऊन बसतं ते उठायचं नाव घेत नाही. शनिवारचं कुणीच छातीठोक सांगू शकलं नसतं. मी लिहिलं, "शनिवार : आकाश निरभ्र. दूरवरचं स्पष्ट दिसेल."

पाऱ्याने खांद्यावरून वाचलं. "धुक्याची शक्यता तरी टाक की. मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं चाललंय तुझं."

मला आईचं वाक्य आठवलं. जे दिसतं ते लिही, दिसावंसं वाटतं ते नको. आठवूनही मी ओळ तशीच पाठवली.

सोमवारी सकाळी तक्ता उघडला तर सहावी ओळ आधीच भरलेली होती. तापमान ७.३. डोंगर दिसत नाही. वाऱ्याचा रकाना मोकळा आणि शेरा, "हे आल्यावर." तारीख दुसऱ्या दिवसाची, मंगळवारची होती.

मी आधी पाऱ्यावरच घसरले. पण तो गेल्या वर्षी नोकरीला लागलेला. आईचे कागद त्याने कधी पाहिलेच नव्हते. "सरासरी काढायचा कंटाळा आला तर सांग, भांडतेस कशाला?" म्हणून तोच माझ्यावर चढला. चुकून जुनं काहीतरी उघडलं असेल, असं मी स्वतःला समजावलं.

मंगळवारी बाबांना फोन केला. "डोंगर दिसतोय का हो?"

"नाही गं. पहाटेपासून झाकलाय. का?"

त्या दिवशी ओळ बुधवारची होती. टाकी दिसत नाही. बुधवारी गुरुवारची. झाड दिसत नाही. दोन्ही दिवस बाबांनी तसंच सांगितलं.

खाली गावात ऊन होतं, पण कसलं तरी विरलेलं. वारा नव्हता, म्हणून पानं सुटली की सरळ खाली यायची आणि रस्त्यावर झाडाच्या सावलीएवढंच गोल आळं करून पडायची. लोक हळू बोलायला लागले होते. मी रोज अर्धा तास लवकर कचेरीत जायला लागले, कोटही न काढता त्या ओळीसमोर बसायला लागले. मला भीती वाटत नव्हती, हे कबूल करते. तीन वर्षांनी आईची चिठ्ठी येत होती. मला ती हवी होती.

गुरुवारी शुक्रवारची ओळ आली. फाटक दिसत नाही.

तेव्हा कुठे मी बोटं मोजली. डोंगर, टाकी, झाड, फाटक. शनिवारसाठी पायरीच उरत होती.

मी साहेबांकडे गेले. शनिवारचा अंदाज बदलायला हवा म्हणाले.

"कशाच्या आधारावर?"

त्यांनी उपग्रहाचं चित्र माझ्याकडे वळवलं. सगळा विभाग स्वच्छ होता. टेकडीवर तेवढा नखाएवढा पांढरा ठिपका होता आणि त्याच्या आसपास काही नव्हतं.

"एवढ्याशा ठिपक्यासाठी छापलेलं बदलत नाही आपण," साहेब म्हणाले.

शुक्रवारी ओळ उघडली. तापमान ४.८. पायरी दिसत नाही. वारा मोकळा. हे आल्यावर.

आठवडाभर तो शेरा मी जुन्या सवयीने वाचत होते. बाबा घरी नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पण बाबा घरीच होते. मग ती त्यांची वाट कुठे बघत होती?

मी फोन उचलला. "बाबा, उद्या निघू नका. मी चुकीचं लिहिलंय."

"छापून आलंय, पोरी. कापून भिंतीला लावलंय मी."

"तुम्ही यावं म्हणून लिहिलं हो. माझं मलाच माहीत नव्हतं, शनिवारी काय असेल ते."

ते हसले. "तुझ्या आईने कान उपटला असता." मग आवाज खाली आला. "धुकं आहे खरं. पण सकाळी आठच्या सुमाराला बरं वाटतं बघ. अंगणात कुणीतरी पावलं मोजतंय असं वाटतं."

"दार उघडू नका. मी सकाळी येतेय. माझी शपथ आहे तुम्हाला."

"बरं," ते म्हणाले. लहान मुलाला म्हणावं तसं.

शनिवारी गावात मी लिहिलं होतं तस्संच होतं. आकाश निरभ्र. अर्ध्या चढावर धुकं लागलं. पुढे गाडीचं नाकही दिसेना, तेव्हा ती कडेला लावून मी चालत निघाले. हात फाटकावर आपटला तेव्हा फाटक आल्याचं कळलं.

वीस पावलं मोजली. विसाव्या पावलाला पायरी लागली, दिसली नाही.

दार उघडं होतं. पायरीवर चाचपडताना हाताला बाबांची बॅग लागली, नीट बांधलेली. शेजारी त्यांचे बूट, पॉलिश केलेले.

बुटात पाय नव्हते आणि घरात बाबा नव्हते.

मी हाक मारली. आवाज कुठे गेलाच नाही.

पेटीची दारं उघडी होती. आत तापमापक अडकवायचे रिकामे आकडे, ओले.

घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

मग पाचोळ्यावर पावलं वाजली. दोन माणसांची, सावकाश. हातभर अंतरावर की झाडापाशी, सांगता येणार नाही. मी हात पुढे केला. हाताला गारवा लागला.

"आई," मी म्हणाले. बाबांना शोधायला आले होते, आणि तोंडून हे आलं.

पावलं थांबली. मग पुढे गेली.

दहाच्या सुमाराला धुकं उठलं. आधी पायरी दिसली, मग फाटक, झाड, टाकी, आणि सगळ्यात शेवटी डोंगर. अंगणात कुणी नव्हतं.

गावची माणसं रविवारी दुपारपर्यंत शोधत होती. बसच्या ड्रायव्हरने फाट्यावर कुणालाच पाहिलं नव्हतं. बाबा सापडले नाहीत. मी एक ओळ खोटी लिहिली, तिच्या भरवशावर त्यांनी बॅग बांधली. यापुढे मला काही सांगता येत नाही.

सोमवारी मी कामावर गेले. घरी बसून करणार काय होते? साप्ताहिक अंदाज या वेळी पाऱ्याने लिहिला होता, दर ओळीला 'शक्यता' टाकून. माझ्याकडे बघून तो चढला नाही की उतरला नाही. मी तक्ता उघडला.

"सहाव्याची सरासरी मी टाकू का?" त्याने हळूच विचारलं.

"नको," मी म्हणाले. "भरलीय."

तापमान ६.१. फाटक दिसतं. झाड दिसतं. टाकी दिसते. डोंगर दिसतो. शेरा कोरा होता. वाऱ्याच्या रकान्याकडे मी बराच वेळ बघितलं नाही. मग बघितलं.

बोटाला लागतो.