एकानेच बोलायचं

भर दुपारी कॅज्युअल्टीत आणलेल्या त्या माणसाने नशेची पूड ओढली होती. चार वॉर्डबॉय त्याचे हातपाय धरून होते. घाम, लघवी, ओकारी, दातांच्या फटीतून फेस. ताप एकशे सहा.

विभागाचा नियम जुना होता. असा रुग्ण आला की त्याच्याशी एकानेच बोलायचं, हळू आवाजात, न थांबता. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. चौघे ओरडले की तो आणखीच बिथरतो. नियम मोठ्या सिस्टरनी घालून दिला होता. तीन आठवड्यांपूर्वी असल्याच एकाची लाथ त्यांच्या छातीत बसली आणि त्या गेल्या. आज बोलायचं काम त्यांच्या मुलीकडे, धाकट्या सिस्टरकडे होतं.

"इंजेक्शन दिलंय. तुम्ही सुरू करा," डॉक्टर म्हणाले. "ताप उतरला नाही, तर हा जातो."

तिला शब्द फुटेना. हा तो माणूस नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण वास तोच होता. त्याची थुंकी तिच्या मनगटावर उडाली, कोमट, चिकट. मास्कच्या आत तिने दात आवळले. मरू दे मेल्याला, असं मनात आलं, आणि मग स्वतःचीच किळस आली.

तेवढ्यात तो थबकला. मान कलती करून ऐकू लागला.

"काय जादू आहे हो तुमच्या जिभेत!" पाय धरलेला वॉर्डबॉय कुजबुजला. "आम्हालाच पेंग यायला लागली."

तिने जोरजोरात नकारार्थी मान हलवली; तिने अजून तोंडच उघडलं नव्हतं. डॉक्टरांनी वॉर्डबॉयकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

एकशे चार. एकशे एक.

"छान चाललंय. बोलत राहा. अंगावरचा बर्फ काढा रे."

अठ्ठ्याण्णव. वॉर्डबॉयनी हात सोडले.

पंच्याण्णव.

डॉक्टरांनी मॉनिटरची वायर तपासली, दुसरा थर्मामीटर लावला, मग ब्लँकेटं मागवली. आई, पुरे, असं तिला म्हणायचं होतं. जबडा उघडेना.

त्र्याण्णव.

मघाचा वॉर्डबॉय मागे सरकत भिंतीला टेकला. त्याचा चेहरा उतरला होता.

"सिस्टर, बास करा ना आता. असलं काही सांगू नका त्याला."

खाटेवरचा माणूस डोळे मिटून सावकाश मान डोलावत होता, पटल्यासारखी.