डावीकडे वाकलेला शिक्का

प्रिंटरमधून तिसरं पान आलं. त्यानंतर चौथं यायला हवं होतं, पण आलं ते बांगड्याचं कालवण.

मी पान हातात धरून उभीच राहिले. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "मिसोतला बांगडा — एका माणसापुरता." खाली सोयाबीनचं आंबवलेलं मिसो किती, आलं किती, साखर किती, मंद आचेवर किती वेळ, सगळं होतं. आणि त्याच्या मागोमाग, अजून गरम असलेलं, माझं चौथं पान आलं : "कलम चार. कार्यालयातील संगणक व प्रिंटर यांचा खासगी कामासाठी वापर करू नये."

जिन्यावर रबरी बुटांचा आवाज झाला.

"थांबा, थांबा... ते माझं!"

केस भिजलेले, अंगातल्या कोटाला समुद्राचा वास. शेवटच्या पायरीवर त्यांना बुटांची आठवण झाली. ते तिथेच काढून ठेवून ते मोज्यांवर पुढे आले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. माझी नजर तिकडे गेली हे त्यांनी पाहिलं, आणि अंगठा हळूच दुसऱ्या पायाखाली लपवला.

"मी ओकिहारा. बंदर विभाग. परवाच बदलून आलोय."

"मी मोरिवाकी. प्रशासन."

"अरे बापरे! नियम लिहितात त्या?"

"नुकतेच लिहून झाले. हे बघा, अजून गरम आहेत."

त्यांनी आधी कलम चार वाचलं, मग कालवण वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"यात माझी एक बाजू आहे, मोरिवाकीसान. आमचं खातं मासेमारीचं. आता मासा शेवटी जातो कुठे?"

"...ताटात."

"झालं तर मग. हे सरकारी काम आहे."

हसायचं नाही असं मी ठरवलं होतं. जमलं नाही. "नियम उद्यापासून लागू आहेत," मी म्हणाले.

"मग आजच आणखी एक छापून घेऊ? माकूळ आणि मुळा?"

"नको. आणि यात साखर जास्त सांगितली आहे. अर्धीच घाला."

मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. तोबिसे नगर कार्यालयात सतरा वर्षं झाली होती. त्या वर्षी कार्यालयात अकरा संगणक आले, पाठोपाठ इंटरनेट आलं, आणि सगळ्यांत जलद टंकलेखन माझं म्हणून नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. कुठल्या मशीनवर कोणी काय पाहिलं, याची यादी दर महिन्याला काढायची. कामाचं कोणतं, बिनकामाचं कोणतं ते लिहायचं, आणि खाली आपला शिक्का मारून ती आमचे विभागप्रमुख तोकुमासु साहेब यांच्यापुढे ठेवायची. शिवाय दर एक तारखेला नियमांचा कागद सगळ्या विभागांतून फिरायचा. वाचल्याची खूण म्हणून प्रत्येकाने आपल्या चौकटीत नावाचा शिक्का मारायचा. चौकटी उजवीकडून डावीकडे जायच्या, आणि शेवटून दुसरी बंदर विभागाची. तिच्या डावीकडे, अगदी शेवटी, माझी. सगळे शिक्के झाले की कागद सूचनाफलकावर लागायचा.

शिक्का मारायची एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण माहीत सगळ्यांना होती. वरिष्ठांच्या चौकटीच्या बाजूला आपला शिक्का थोडा कलता मारायचा, कमरेत वाकून अभिवादन केल्यासारखा. मला ते कधी आवडलं नाही. माझा शिक्का नेहमी सरळ. "मोरिवाकीसानचा शिक्का म्हणजे ओळंबा," असं साहेब म्हणायचे, आणि मला त्याचा अभिमान होता.

पहिला कागद फिरून परत आला, तेव्हा ओकिहारासानचा शिक्का डावीकडे कलला होता. मला वाटलं, हात हलला असेल. आमची दोघांची पायरी एकच होती, माझ्यापुढे वाकायचं त्यांना काही कारण नव्हतं. पुढच्या महिन्यात तो आणखी कलला. त्याच्या पुढच्या महिन्यात तर अशी गत की आता कोसळतोय की काय!

चहाच्या किटलीपाशी मी त्यांना गाठलं.

"ओकिहारासान, तुमचा शिक्का वाकडा पडतो."

"वाकडा नाही. वाकलेला आहे."

"कोणापुढे?"

"डावीकडे कोण असतं ते बघा ना."

"डावीकडे तेव्हा कोणीच नसतं. मी सगळ्यांच्या शेवटी मारते. चौकट रिकामी असते."

"म्हणूनच तर," ते म्हणाले, आणि माझ्या पेल्यात चहा ओतला. "समोर कोणी असताना वाकायला मला लाज वाटते."

कानाची पाळी गरम होते म्हणजे काय, ते मला एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं.

मग यादीचा खेळ सुरू झाला. ती यादी मी वाचते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या चार नंबरच्या मशीनवर दुपारच्या सुट्टीत काहीबाही शोधलेलं सापडू लागलं. "भात खाली लागला तर काय करावे." दुसऱ्या दिवशी जिन्यात समोरासमोर आल्यावर मी नुसतं म्हणायचे, "चूल बंद करून खाली ओलं फडकं ठेवा," आणि पुढे जायचे. "दमट हवेत मोजे कसे वाळवावेत." मी म्हणायचे, "आधी शिवा." एकदा, "फार सरळ वागणाऱ्या माणसाला हसवण्याचे उपाय." त्याला मी उत्तर दिलं नाही. पण त्या दिवशी घरी जाताना खाऱ्या वाऱ्यात सायकल ढकलत मी एकटीच हसत होते.

हे सगळं यादीत मी "मत्स्यव्यवसाय : माहिती" असं लिहून टाकायचे.

डिसेंबरात साहेबांनी यादी वाचली, चष्मा वर केला.

"मोरिवाकीसान, मत्स्यव्यवसायात मोजे कुठून आले?"

मी टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत राहिले.

"मी काही बोलत नाही. पण या यादीखाली शिक्का तुमचा असतो. गाव लहान आहे. पुढच्या वेळी लोक मोजे सोडून तुम्हालाच वाचायला लागतील... बघा बुवा."

ते मायेनेच बोलले होते. पण सतरा वर्षांत मला कोणी "बघा बुवा" म्हटलं नव्हतं. त्या रात्री मी नियमांत नवं कलम घातलं. कलम सहा : खासगी संदेश आल्यास तो न उघडता "कामाव्यतिरिक्त" या खणात टाकावा व पाठवणाऱ्यास लेखी समज द्यावी. ते कोणासाठी घातलं, हे मला तेव्हाही माहीत होतं. ते स्वतःसाठीच होतं. आपला आपल्यावर भरवसा राहिला नाही की माणूस असे नियम करतो.

फेब्रुवारीच्या शेवटी, सायकली ठेवायच्या जागेपाशी त्यांनी मला थांबवलं. बारीक पाऊस होता.

"बेटावरच्या शाखेत माणूस हवाय. तीन वर्षांसाठी. माझं नाव काढलंय. पाच तारखेपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय."

"तुम्हाला जायचंय?"

"बोटीने तीन तास लागतात. पण बांगडा ताजा मिळेल."

"मग चांगलंच आहे की."

"मोरिवाकीसान..." केसांतलं पाणी कपाळावरून खाली येत होतं. "तुम्ही काय म्हणता?"

मी काय केलं? मी छत्री उघडली. खटका दोनदा अडकला, तिसऱ्यांदा उघडली. ती आमच्या दोघांच्या मध्ये आली.

"मी... विचार करून सांगते."

"बरं," छत्रीपलीकडून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी बाराचा भोंगा झाला. वीज वाचवायला दिवे मालवून सगळे डबे उघडत होते. माझ्या मशीनवर एक मेल आला. पाठवणारा, ओकिहारा. विषयाच्या जागी एकच शब्द, "खासगी."

तोकुमासु साहेब पेला घेऊन माझ्या मागेच उभे होते.

"काही महत्त्वाचं?"

"नाही. म्हणजे... कलम सहा."

मी तो न उघडता खणात टाकला. मग समज टाइप केली : आपला संदेश कामकाजाव्यतिरिक्त असल्याचे दिसून आले आहे. यापुढे असे होऊ नये. मोरिवाकी, प्रशासन विभाग. बटण दाबलं, आणि समज गेली.

"शाबास," साहेब म्हणाले.

मेलमध्ये काय असेल, याचा मी अंदाज केला होता. कालचाच प्रश्न असेल, पुन्हा एकदा. त्याचं उत्तर मी ठरवूनही टाकलं होतं. एक तारखेला कागद फिरेल, त्यांचा शिक्का नेहमीसारखा माझ्याकडे वाकलेला येईल, आणि या वेळी मी माझा उजवीकडे वाकवीन. त्यात शब्दही नाही आणि नियमभंगही नाही. तीन दिवस मी घरी जुन्या वर्तमानपत्रावर सराव केला. मनगटाला उजवीकडे कलायची सवयच नव्हती. पानभर लाल "मोरिवाकी" उमटले, आणि चाळिसाव्याला मला जरासं वाकता आलं.

एक तारखेला दुपारी कागद परत आला.

ओकिहारासानचा शिक्का सरळ होता. माझ्यासारखाच, ओळंब्यात.

मी कागदाकडे किती वेळ पाहत बसले, कोण जाणे. खिडकीबाहेर दोरीवर माकुळं वाळत होती, वाऱ्याने सगळी एका बाजूला झुकली होती. मला वाटलं, समज मिळाली, माणूस ताळ्यावर आला. ठरलं त्यांचं. आता आपण वाकलो तर ते हसं होईल. शाई लावलेला शिक्का हातात होता. मी तो सरळ मारला.

मार्च संपता संपता ते निरोप घ्यायला आले. हातात सुक्या माकुळाचं खोकं होतं. पायात नवे मोजे.

"कागद परत आला होता ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"आला होता."

"पाहिलात?"

"पाहिला. सरळ होता."

"तुमचाही सरळच होता."

"माझा नेहमीच असतो."

ते हसले. ते हसू मला तेव्हा वाचता आलं नाही. मागे साहेब कोणाशी तरी फोनवर बोलत होते, समोर दाखल्यांसाठी माणसं ताटकळत होती. एवढ्या गर्दीत एक वाक्य बोलायला असा कितीसा वेळ लागला असता?

"प्रवास सांभाळून करा," मी म्हणाले.

"साखर अर्धीच घालीन," ते म्हणाले, आणि वाकले. या वेळी माझ्यासमोर, मी तिथे असताना, अगदी खाली. आणि गेले.

नववर्षाचं पत्र दरवर्षी यायचं. तिसऱ्या वर्षी त्यावर दोन नावं होती. चौथ्या वर्षी तीन.

सहाव्या वर्षी आमचं गाव शेजारच्या तीन गावांबरोबर नव्या शहरात विलीन झालं. सगळी मशीनं रिकामी करून द्यायची होती. वरून हुकूम आला, कुठलाही खण वाचल्याशिवाय पुसू नये. माझ्या "कामाव्यतिरिक्त" खणात थोड्या जाहिराती होत्या, कोणाचं तरी लग्नाचं आमंत्रण होतं, आणि अगदी तळाला तो होता. हुकूमच होता, म्हणून मी उघडला.

"मोरिवाकीसान, नियम मोडतोय, म्हणून वर 'खासगी' असं खरंच लिहिलंय. समोर उभं राहून विचारलं की तुम्ही छत्री उघडता, म्हणून इथे लिहितो.

इतके महिने मीच वाकतोय. त्यात तुमचं काय आहे ते मला कळत नाही. म्हणून या वेळी मी शिक्का सरळ मारणार आहे. तुम्ही तुमचा माझ्याकडे वाकवा, तांदळाच्या दाण्याएवढा चालेल. मग मी बेटावर जाणार नाही, आणि दोन माणसांपुरतं कालवण कसं करतात ते शोधीन. सरळ मारलात तर मी समजेन. काही बोलू नका, यादीत तुमच्यावर काही यायला नको.

ता. क. भात आता लागत नाही."

बाराचा भोंगा झाला. कोणीतरी दिवे मालवले. मी डबा उघडला नाही.

मग मी छपाईचं बटण दाबलं.

प्रिंटरपाशी कुनितोमो होती, दोनच वर्षांपूर्वी लागलेली मुलगी. विलीनीकरणाची तिची पानं एकेक येत होती. एक पान उचलून ती थबकली. दोन ओळी वाचल्या असाव्यात. एकदम लाल झाली.

"मोरिवाकीसान... हे कोणाचं असेल हो?"

"माझं आहे ते," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. साहेबांनी मान वर केली, इतक्या मोठ्याने.

त्या महिन्याची यादी तोबिसेची शेवटची होती. दुसऱ्या दिवसापासून शिक्केसुद्धा संगणकावरच उमटणार होते, सगळे सारखे, सगळे सरळ. यादीत नोंद एकच होती. नाव : मोरिवाकी कायो. खासगी छपाई : एक पान. शेवटचा रकाना कारणाचा होता. तिथे मी लिहिलं, "एक उत्तर द्यायचं राहून गेलं होतं."

खाली शिक्का मारला. मनगट सहा वर्षांपूर्वीचा सराव विसरलं नव्हतं. तो उजवीकडे वाकला, तांदळाच्या दाण्याहून बराच जास्त. उजवीकडे त्या कागदावर चौकट नव्हती, कोणाचं नाव नव्हतं, नुसता कोरा समास होता.

साहेबांनी ती वाचली. बराच वेळ वाचली. मग पेटीतून आपला शिक्का काढला, आणि मंजुरी म्हणून माझ्या वाकलेल्या शिक्क्याशेजारी हलकेच टेकवला.